पोकलेनची चेन किती टाईट ठेवायची? वाचकांचे प्रश्न आणि त्यांची उत्तरं

या वेळी सगळे प्रश्न पोकलेनच्या खालच्या भागाचे घेतलेत. पोकलेन हे खरं तर एका फ्रेंच कंपनीचं नाव, पण आपल्याकडे चेनवर चालणाऱ्या कुठल्याही खोदाई मशीनला आपण तेच म्हणतो, मग ती कुठल्याही कंपनीची असो, म्हणून मीही तसंच लिहितो. इंजिन आणि हायड्रॉलिककडे सगळ्यांचं लक्ष असतं, तिथं आवाज बदलला तरी मालकाला रात्री झोप लागत नाही, पण चेन, तिला आधार देणारे रोलर, पुढचं बिनदाती चाक म्हणजे आयडलर, चेन फिरवणारं मागचं दातेरी चाक म्हणजे स्प्रॉकेट, हे चिखलात लपलेले असतात, ते बोलत नाहीत आणि बोलतात तेव्हा सगळा सेटच बदलायची वेळ आलेली असते. मला या विषयाची फार कळकळ आहे, म्हणून पहिलं उत्तर जरा लांबलंय.

प्रश्न : काका, माझी २० टनी मशीन आहे. उन्हाळ्यात तलावातला गाळ काढायचा आणि एरवी शेततळी, बांधबंदिस्ती अशी कामं. आमच्या भागात सगळी काळी माती. ऑपरेटर म्हणतो चेन टाईट असली की उतरत नाही, म्हणून तो दर तीन-चार दिवसांनी चेन ताणायच्या अॅडजस्टरमध्ये ग्रीस मारतो. तरी वर्षभरात वरचे रोलर दोनदा बदलले आणि आता एका बाजूचा आयडलर तेल सोडायला लागलाय. माल खराब येतोय का? (मशीन मालक, परभणी जिल्हा)

उत्तर : भाऊ, माल एखादवेळी खराब येतो, पण तुम्ही जे लिहिलंय त्यात मला तरी दुखणं मालाचं दिसत नाही, चेन गरजेपेक्षा टाईट आहे हे दिसतंय.

आधी हे समजून घ्या की चेनला झोळ का ठेवतात. दोन खांबांच्या मध्ये दोरी बांधली आणि तिचा झोळ निम्मा करायचा म्हटलं तर ती साधारण दुप्पट जोरानं ओढावी लागते, आणखी निम्मा करायचा तर पुन्हा दुप्पट. वरच्या बाजूला चेन लोंबते तिथं हाच हिशोब लागू होतो. म्हणजे ऑपरेटरनं "थोडीशीच" टाईट केली असं त्याला वाटतं पण खाली आयडलरच्या बुशवर, वरच्या रोलरवर, पिनवर आणि फायनल ड्राइव्हच्या (स्प्रॉकेट फिरवणाऱ्या गिअरबॉक्सच्या) बेअरिंगवर तो ताण कितीतरी वाढलेला असतो, आणि मशीन चालो न चालो तो ताण चोवीस तास तिथंच बसलेला असतो.

आता काळ्या मातीचं बघा. ही माती ओली असताना स्प्रॉकेटच्या दातांच्या खोबणीत दाबून दाबून बसते, खोबण भरली की चेनचा बुश (सांध्यातल्या पिनवरची नळी) पूर्ण खाली बसत नाही, तो मातीच्या थरावर बसतो, म्हणजे स्प्रॉकेट जणू मोठं झालं. चेनची लांबी तेवढीच. मग चेन आपोआप ताणली जाते. सकाळी स्वच्छ मशीनवर बरोबर मापानं टाईट केलेली चेन दुपारी गाळात काम करताना मापाच्या बाहेर टाईट झालेली असते आणि त्यावर तुमचा ऑपरेटर अजून ग्रीस मारतो. म्हणून गाळाच्या कामात चेनचं माप काम चालू असताना, माती भरलेली असतानाच घ्यायचं, धुऊन पुसून नाही. गाळात चेन थोडी सैलच चालते. उलट दगडावर किंवा कडक मुरमावर माप टाईटच्या बाजूला ठेवायचं कारण तिथं सैल चेन आपटते आणि उतरते.

माप घ्यायचे दोन प्रकार आहेत आणि लोक त्यांची सरमिसळ करतात. एक, वरचा भाग ९० अंशात फिरवून बकेट जमिनीवर टेकवायची, बूम आणि आर्म या मशीनच्या हाताच्या दोन भागांमधला कोन ९० ते ११० अंश ठेवायचा आणि त्या बाजूची चेन उचलायची, चेन पुढं-मागं फिरवून थांबवायची, मग मधोमध फ्रेमच्या खालच्या कडेपासून खाली लोंबणाऱ्या शू प्लेटच्या (चेनवरच्या, जमिनीला टेकणाऱ्या पट्टीच्या) वरच्या अंगापर्यंत माप घ्यायचं. काही २० टनी मशीनवर हे माप ३०० ते ३३५ मिमी दिलेलं असतं. दुसरा प्रकार, मशीन सपाट जागेवर थोडी पुढं चालवून हळू थांबवायची आणि वरच्या बाजूला आयडलर ते वरचा रोलर अशी सरळ पट्टी ठेवून पट्टी आणि चेनमधलं अंतर बघायचं, ते काही मशीनवर १० ते ३० मिमी असतं. तुमच्या मशीनच्या पुस्तकात यातला कुठला प्रकार दिलाय तो बघा आणि तोच वापरा, एका मशीनचं माप दुसऱ्या मशीनला लावू नका. पुस्तक नसेल तर डीलरकडून मागून घ्या, खरंच मागा.

सैल करताना मात्र जपून. अॅडजस्टरमध्ये ग्रीस भरलं की आयडलर पुढं ढकलला जातो आणि चेन ताणली जाते, म्हणून त्याच्या सिलेंडरमधलं ग्रीस प्रचंड दाबाखाली असतं. ग्रीस बाहेर सोडायचा व्हॉल्व्ह एका फेऱ्यापेक्षा जास्त ढिला करायचा नाही, तोंड, हात, गुडघा त्याच्यासमोर आणायचा नाही, आणि ग्रीस भरायचा निप्पल स्वतः तर कधीच खोलायचा नाही. ग्रीस येत नसेल तर व्हॉल्व्ह अजून खोलू नका, मशीन थोडी पुढं-मागं करा. मी तरुण असताना एका साईटवर एका हेल्परच्या बोटात असंच ग्रीस घुसलेलं पाहिलंय, बाहेरून टाचणी टोचल्याएवढी खूण, दुखत पण नव्हतं, म्हणून सगळे म्हणाले काही नाही झालं, पण रात्री हात सुजला आणि बोट काढावं लागलं. असं झालं तर दुखण्याची वाट न बघता तासाभरात हॉस्पिटल गाठा आणि डॉक्टरांना सांगा की ग्रीस दाबानं आत गेलंय.

शेवटी, रोज संध्याकाळी अर्धा तास. खोरं आणि पहार घेऊन हेल्परनं रोलरच्या मधली, फ्रेमवरची, स्प्रॉकेटच्या मागची माती काढायची. काळी माती रात्रभरात वाळली की सिमेंटसारखी होते, सकाळी वरचा रोलर फिरतच नाही, चेन त्याच्यावरून नुसती घासत जाते आणि रोलरला एका बाजूनं सपाट घासा पडतो. तुमचे दोन रोलर असेच गेले असणार असं मला वाटतं, जुना रोलर टाकून दिला नसेल तर काढून बघा, एकाच बाजूला सपाट असेल तर तो फिरायचा थांबला होता. त्या अर्ध्या तासाचा हेल्परला वेगळा पैसा द्यावा लागला तरी द्या.

प्रश्न : मी खडी क्रशरच्या खाणीवर ब्रेकरवाली (बकेटऐवजी दगड फोडायचा हातोडा लावलेली) मशीन चालवतो. शेठनी जुन्या प्लेटा काढून रुंद ८०० मिमीच्या शू प्लेटा लावल्यात, म्हणाले मशीन जास्त बसकी राहील. आता रोज एक-दोन बोल्ट ढिले होतात आणि दोन प्लेटा वाकल्या. (ऑपरेटर, सातारा जिल्हा)

उत्तर : दादा, शेठना हे उत्तर वाचायला द्या. रुंद प्लेट मऊ जमिनीसाठी असते, वजन जास्त जागेवर पसरावं आणि मशीन रुतू नये म्हणून. तुमच्या खाणीत काळा पाषाण आहे, तिथं रुतायचा प्रश्नच नाही. तिथं होतं काय की प्लेटचं टोक एखाद्या दगडावर चढतं आणि मशीनचं सगळं वजन त्या टोकावर येतं, प्लेट जितकी रुंद तितकी ती पहारीसारखी काम करते आणि लिंकला (चेनच्या कडीला), बोल्टला पिळते. बोल्ट ढिला होतो, ढिला बोल्ट तसाच चालवला की लिंकमधलं भोक लांबट होतं आणि एकदा भोक लांबट झालं की नवीन बोल्ट पण तिथं टिकत नाही. आमच्याकडे जुने मिस्त्री सांगायचे, प्लेट निघेल तेवढी अरुंद आणि लागेल तेवढीच रुंद. दगडात २० टनी मशीनला ६००, आणि मशीन परवानगी देत असेल तर ५०० ची प्लेट चालते.

बोल्ट कसताना पाईप लावून दोघांनी लटकायचं काम बंद करा. प्लेट आणि लिंकची बसायची जागा वायर ब्रशनं साफ करा, रंग, गंज, माती राहिली तर नंतर ती दबते आणि बोल्ट आपोआप ढिला पडतो. टॉर्क पान्यानं पुस्तकातल्या आकड्यापर्यंत कसा, बऱ्याच मशीनवर त्याच्यानंतर वरून ठरलेल्या अंशाचा आणखी एक फेर सांगितलेला असतो, तोही द्या. नवीन प्लेटा लावल्यावर दोन-तीन दिवस काम झालं की सगळे बोल्ट परत तपासा. आणि ब्रेकरनं काम करताना मशीनचा पुढचा भाग हवेत उचलून दगडावर जोर देऊ नका, त्या वेळी सगळं वजन मागच्या दोन रोलरवर आणि स्प्रॉकेटवर जातं.

प्रश्न : स्प्रॉकेटचे दात टोकदार झालेत. चेन अजून बरी दिसते. फक्त स्प्रॉकेट बदललं तर चालेल ना? चेनचा खर्च आत्ता झेपणार नाही. (मशीन मालक, अहिल्यानगर)

उत्तर : खर्चाची अडचण समजते, पण आधी चेन मोजा मग ठरवा. डोळ्यांना चेन बरीच दिसणार, कारण ती आतून झिजते. पिनचं बाहेरचं अंग आणि बुशचं आतलं अंग एकमेकांत घासतं, प्रत्येक सांध्यात थोडी थोडी फट वाढते आणि चेन लांब होते, यालाच आपण चेन ताणली म्हणतो, लोखंड ताणलेलं नसतं. २० टनी मशीनला बहुतेक वेळा १९० मिमी पिचची चेन असते, म्हणजे एका पिनच्या मध्यापासून पुढच्या पिनच्या मध्यापर्यंत १९०. स्प्रॉकेटच्या दातात एक लाकडाचा ठोकळा अडकवून हळूच मागं घ्या म्हणजे वरची चेन ताठ होईल, मग मास्टर पिन (चेन जोडायची-सोडायची पिन) वगळून चार लिंकचं माप टेपनं घ्या. नवीन असताना ते ७६० च्या आसपास येतं. ७७५ च्या पुढं गेलं असेल तर त्या चेनवर नवीन स्प्रॉकेट घालणं म्हणजे स्प्रॉकेटचे पैसे पाण्यात, कारण स्प्रॉकेटचे दात १९० च्या हिशोबानं कापलेले आणि चेनचा सांधा १९४ चा, बुश दाताच्या खोबणीत न बसता उतारावर चढतो आणि काही महिन्यांत नवीन दात पण तसेच टोकदार होतात. तुमच्या जुन्या स्प्रॉकेटला तेच झालंय.

माप ७६५-७७० असेल आणि बुशचं बाहेरचं अंग पण फार गेलेलं नसेल तर खुशाल नुसतं स्प्रॉकेट बदला. आणि माप गेलेलं असेल आणि पैसे खरंच नसतील तर माझं मत असं की जुनी चेन आणि जुनं स्प्रॉकेट दोन्ही तसंच चालवा, जोडीनं झिजलेत तर जोडीनं संपू द्या, फक्त चेन उतरत नाही ना आणि दातावरून उडी मारत नाही ना एवढं बघा आणि उताराच्या, कड्याच्या कामावर ती मशीन घालू नका. मग एकदम दोन्ही बदला.

एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते म्हणून सांगतो. या मशीनच्या स्प्रॉकेटला सहसा २१ असे विषम दात असतात आणि चेनचा बुश एक सोडून एक दातात बसतो. पहिल्या फेऱ्यात जे दात लागले ते दुसऱ्या फेऱ्यात मोकळे आणि मोकळे होते ते कामाला, असं करून सगळे दात सारखे झिजतात. त्यामुळे एक-दोनच दात वेगळे झिजलेले दिसले तर तिथं दगड अडकला असेल किंवा दात तुटला असेल, ते वेगळं बघायला हवं.

प्रश्न : मी आणि माझा भाऊ मिळून सेकंडहँड मशीन घेतोय. भाऊ ऑपरेटर आहे पण खालच्या भागाचं त्याला फार कळत नाही म्हणतो. बघायला जाताना मी काय बघू? मला यातलं काही येत नाही, हिशोब मात्र मी बघणार आहे. (एक वाचक, सोलापूर)

उत्तर : ताई, तुम्ही हिशोब बघणार म्हणजे खालचा भाग तुम्हीच बघायला हवा, कारण सेकंडहँड मशीनमध्ये सगळ्यात मोठा लपलेला खर्च तिथंच असतो. तासाच्या मीटरवर जाऊ नका आणि नवीन रंगावर तर मुळीच नका.

मशीन धुऊन ठेवा म्हणून आधी फोन करा, चिखलातली मशीन बघायचीच नाही. गेल्यावर दोन्ही बाजूच्या शू प्लेटा मोजा. हो, एक एक करून मोजा. दोन्ही बाजूला सारख्या हव्यात आणि त्या मॉडेलच्या पुस्तकात जेवढ्या लिहिल्यात तेवढ्याच हव्यात. चेन इतकी ताणली की अॅडजस्टर पण पुरेना, तेव्हा काही लोक एक लिंक काढून चेन आखूड करतात आणि तशीच विकतात. एक प्लेट कमी भरली तर ती चेन संपलेली आहे असं धरून भाव करा. मग आयडलर फ्रेममध्ये किती पुढं सरकलाय ते बघा, तो पुढच्या टोकाला गेला असेल तर अॅडजस्टरमध्ये आता जागा उरलेली नाही.

त्यानंतर भावाला सांगा प्रत्येक बाजू उचलून चेन फिरवायला, आणि तुम्ही लांब उभं राहून खालचे रोलर बघा. प्रत्येक रोलर फिरतोय का, कुठला थांबलाय का, कुठल्या रोलरच्या बाजूला तेलाचा ओला डाग आहे का. तेल सुटलं म्हणजे आतलं सील गेलं, तो रोलर लवकरच जाम होणार. एका बाजूला असे सात किंवा त्याहून जास्त रोलर असतात, किती ओले आहेत ते लिहून घ्या. स्प्रॉकेटचे दात गोलसर आहेत की शिंगासारखे वळलेले ते बघा. वर सांगितलेलं चार लिंकचं माप भावाकडून घ्या.

फायनल ड्राइव्हचं तेल थोडं काढून दाखवायला सांगा, मालक का-कू करत असेल तर ती पण माहितीच आहे. तेलात पाणी असेल तर ते दुधट दिसतं, बोटावर चोळल्यावर चकाकणारे कण लागले तर आतले गिअर झिजतायत आणि हा खर्च चेनपेक्षा मोठा पण जाऊ शकतो. मग सपाट मैदानात दोन्ही लिव्हर एकदम पुढं देऊन मशीन ५०-६० फूट सरळ चालवून बघा, एका बाजूला ओढत असेल तर कारण विचारा. मशीन पसंत पडली तरी चेन, स्प्रॉकेट, ओले रोलर यांची किंमत एखाद्या स्पेअर दुकानातून काढून आणा आणि ती मागितलेल्या भावातून वजा करून मगच बोला.

प्रश्न : एका शेतातून दुसऱ्या शेतात मशीन नेताना मालक म्हणतात ट्रेलर कशाला, चालवतच ने. कधी कधी दोन-तीन किलोमीटर होतं. यानं चेनला त्रास होतो का? (ऑपरेटर, जालना)

उत्तर : होतो आणि बराच होतो. ही मशीन एका जागी उभी राहून खोदायला बनवलेली आहे, फास्टमध्ये टाकली तरी ताशी पाचेक किलोमीटरच जाते. सलग लांब चालवली की रोलर, आयडलर, फायनल ड्राइव्ह सगळं तापतं आणि सील जातात. एक-दोनशे मीटर ठीक, किलोमीटरच्या पुढं ट्रेलरच बोलवा. अगदीच चालवावी लागली तर स्लो मध्ये न्या, मध्ये मध्ये थांबून गार होऊ द्या.

आणि चालवताना स्प्रॉकेट मागं आहे ना ते आधी बघा. वरचा भाग गोल फिरतो त्यामुळे खालचं तोंड कुठं आहे ते विसरायला होतं. स्प्रॉकेट मागं असलं की पुढं जाताना ताण फक्त मागच्या खालच्या तुकड्यावर असतो. स्प्रॉकेट पुढं ठेवून किंवा रिव्हर्समध्ये चालवली की ताण वरून आयडलरला वळसा घालून सगळ्या चेनवर येतो आणि बुश ओझ्याखाली असतानाच दातावर फिरतो, म्हणून तेवढ्याच अंतराला झीज कितीतरी जास्त. खोदताना पण आयडलरची बाजू पुढं आणि स्प्रॉकेट मागं ठेवायची सवय लावा. जागेवर गरकन वळणं टाळा, आणि नेहमी एकाच बाजूला वळत असाल तर ते बदला, नाहीतर एकीकडची चेन आधी जाते.

प्रश्न : ग्रीस भरून चेन टाईट केली की दोन दिवसांत परत सैल होते. बाहेर ग्रीस दिसत नाही. अॅडजस्टर खोलून बघू का? (मिस्त्री, बीड)

उत्तर : आधी व्हॉल्व्ह आणि निप्पल पुसून कोरडे करा आणि एक दिवस काम झाल्यावर बघा, बरेचदा तिथूनच बारीक गळतं आणि मातीत मिसळून जातं. तिथं कोरडं असेल तर सिलेंडरचं सील गेलंय आणि ग्रीस आत फ्रेममध्ये जातंय. सील बदलता येतं, पण त्याच्या मागं जी मोठी रिकॉइल स्प्रिंग (आयडलरचे धक्के सोसणारी) आहे ती कित्येक टनांच्या दाबानं आवळून बसवलेली असते. ती साईटवर, चेन-कप्पी आणि वेल्डिंगच्या जुगाडावर कधीही खोलू नका, सुटली तर माणूस वाचत नाही. सिलेंडर वेगळा काढा आणि स्प्रिंगचं काम प्रेस असलेल्या वर्कशॉपलाच द्या.

प्रश्न : पावसाळ्यात आमची मशीन तीन महिने उभीच असते. खालच्या भागाला काही करावं लागतं का? (मशीन मालक, डिचोली, गोवा)

उत्तर : उभी करायच्या आधी खालची सगळी माती धुऊन काढा, ओल्या मातीत झाकलेली सीलं आणि बोल्ट गंजतात. पाणी साचत नाही अशा उंच मुरमाच्या जागी, जाड फळ्यांवर उभी करा, फायनल ड्राइव्ह पाण्यात बुडता कामा नये. मग दर पंधरवड्याला इंजिन चालू करून गरम होऊ द्या आणि मशीन आठ-दहा मीटर पुढं, तेवढीच मागं घ्या, म्हणजे रोलरच्या सीलवर आतल्या तेलाचा थर राहतो आणि रोलर एकाच जागी चिकटून बसत नाहीत. दिवाळीच्या आसपास काम सुरू करताना पहिल्या दिवशी चेनचं माप परत घ्या आणि फायनल ड्राइव्हच्या खालच्या प्लगमधून थोडं तेल काढून त्यात पाणी आलंय का ते बघा, आलं असेल तर तेल बदलल्याशिवाय एक बकेटही मारू नका.